तिची गाडी पुढं

माझ्या वयाच्या माणसाची भावजय त्याच्या पुढं चालताना आमच्या गावात तुम्हाला दिसायची नाही. माझी चालते. वडवणीच्या बाजाराला आम्ही दोघं एसटीनं जातो. भाजी घेऊन स्टँडकडं निघालो की ती पुढं आणि मी थोडा मागं. माझे गुडघे गेलेत म्हणून मी मागं राहतो असं गल्लीतल्या नव्या सुनांना वाटतं. वाटू द्या. गुडघे गेलेत हे खरं आहे, पण गुडघे धडधाकट होते तेव्हापासून मी तिच्या मागंच चालतो. का, ते सांगायला बसलोय. शाळा मी चौथीत सोडली. मास्तरनं विनाकारण कान पिळला, पुन्हा त्या दारात पाय ठेवला नाही. तेव्हा लिहिण्यात वाकडंतिकडं काही आलं तर तसंच वाचा.

आधी भाया म्हणजे काय ते सांगावं लागंल, कारण आता ते राहिलं नाही. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भाया. भावजयीनं भायाशी बोलायचं नाही. तो ओट्यावर बसला असला तर तिनं मागच्या दारानं जायचं. वाटेत समोर आला तर पदर पुढं ओढून कडेला थांबायचं, तो गेला की मग निघायचं. त्याच्या पुढं चालायचं नाही, त्याच्यापेक्षा उंच जागी बसायचं नाही आणि आपला आवाज त्याच्या कानावर जाऊ द्यायचा नाही. आता पोरी भायाला मोबाइलवर फोटो पाठवतात, चांगलं आहे. पण तेव्हा भायालाही तेवढंच पाळावं लागायचं. घरात शिरताना आधी बाहेरूनच खाकरायचं. भावजय चुलीपाशी असली तर पाण्याचा तांब्यासुद्धा मायकडं मागायचा. भाऊ लग्न करून आला तेव्हापासून मी आपल्याच घरात खाकरत शिरत होतो. बायको म्हणायची, तुमचा घसा एक दिवस बसंल.

भाऊ माझ्या पाठचा. आम्ही दोघं गाडीवान. दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला जायचो, खालच्या मुलखात, नदीकाठी. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तिथला हिशोब. बायको नसली तर गडी मोजत नाहीत आणि गडी नसला तर बाई मोजत नाहीत. कारखाना टायरची गाडी द्यायचा, बैल आपले. सकाळी फडात ऊस तोडायचा, मोळ्या बांधून गाडी भरायची आणि मग गड्यानं ती हाकत कारखान्याच्या गाडीतळावर न्यायची. तिथं रांग. रांगेत नंबर लागला की काट्यावर वजन, मग गव्हाणीत, म्हणजे कारखान्याच्या ऊस ओढणाऱ्या पट्ट्यावर, ऊस खाली. बायका भरल्या गाडीवर बसून यायच्या, पण कासरा बाईच्या हातात मी कधी बघितला नव्हता.

भावाची जोडी लई देखणी होती. एक तांबडा, एक कोसा. गावात त्यांना नावं नव्हती, रंगावरूनच हाक. तांबडा गरीब आणि कोसा मानी. कोशाला चाबूक चालायचा नाही. भाऊ गाडीवर उभा राहून छातीतून एक हाक द्यायचा, "हैऽऽ वाघा," आणि कोसा मान खाली घालून असा चढाला भिडायचा की मागची गाडी भरलेली आहे हे त्याला ठाऊकच नसावं. त्या हाकेनं रस्त्यावरची माणसंसुद्धा बाजूला व्हायची.

श्रावणात भाऊ काविळीनं गेला. आधी झाडपाल्याचं औषध केलं, मग बीडला नेलं, मग आणलं. यापेक्षा जास्त मला लिहायचं नाही.

तेराव्याला भावजयीचा बाप आला. लेकीला आणि बारक्या नातीला घेऊन जातो म्हणाला. मी म्हणलं, पोरगी आजोळी राहू द्या काही दिवस, पण भावजय कुठं जायची नाही. आमच्या घरात दोन ताटं वाढायला कमी नाही. बैलांचं मात्र मी ठरवून टाकलं. दोन जोड्या एकट्या माणसाला हाकता येत नाहीत. रिकामे बैल दावणीला उभे करून कडबा घालण्यात शहाणपण नाही. पोळा झाला की बाजारात न्यायचे. बापाला पटलं, शेजाऱ्यांना पटलं. भावजय आतल्या खोलीत होती. तिला पटलं का हे विचारायची रीतच नव्हती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा निबर झालेला असतो, त्याला तूप-हळद लावून मळायचं आणि बैलाला जेवणाचं आवतन द्यायचं. हे काम गड्याचं. आमच्या घरात दुखवटा होता, त्यामुळं झूल नाही, बेगड नाही, मिरवणूक नाही. मी माझ्या जोडीचे खांदे गुपचूप मळले आणि ओट्यावर येऊन तंबाखू मळत बसलो. भावाची जोडी तशीच उभी होती. माझा हात तिकडं जाईना.

तेवढ्यात भावजय गोठ्यात आली. हातात तुपाची वाटी, मागं माय. पदर नाकापर्यंत ओढलेला. ओट्यावर भाया बसलाय हे तिला दिसत होतं, तरी मागच्या दारानं न जाता ती समोरून गेली. मी दुसरीकडं तोंड फिरवलं. तिनं तांबड्याचा खांदा मळला, मग कोशाचा. कोसा परक्याला हात लावू द्यायचा नाही, पण उभा राहिला. मग ती त्यांना म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." आवाज इतका बारीक, गोठ्यातल्या माशांचा आवाज त्याहून मोठा असंल. वाटलं आता जाईल. ती जागची हलली नाही. कोशाच्या कानाशी तोंड नेलं, पण बोलली अशी की ओट्यापर्यंत पोचावं.

"आन् ऐका. तुमाला कुनी बाजारात न्हेनार न्हाई. मालक गेला, मालकीन हाय. दिवाळी झाली की आपल्याला टोळीत जायचंय."

आता आली का पंचाईत. भावजयीला जाब विचारायचा तर बोलायचं कसं? आणि गप्प बसायचं तर माझा स्वभाव तसा नाही. मी माझ्या बैलांकडं बघितलं आणि त्यांना म्हणलं, "ऐकलं का रं? बाईमानूस टायरगाडी हाकनार म्हनं. चढाला वजन मागं गेलं की जू वर उचलतं आन् बैलाच्या गळ्याला फास बसतो, हे कुनी सांगितलंय का तिला?"

 मग तीच बारीक आवाजात कोशाला म्हणाली, "कोश्या, जे म्हाईत न्हाई ते शिकवनारं घरात कुनी हाय का न्हाई, ते तरी विचार."

मायनं पदरात तोंड घातलं. मला वाटलं रडते. भाऊ गेल्यापासून ती रोजच रडायची. नीट बघितलं तर खांदे हलत होते आणि हसत होती. त्या हसण्यामुळं मी बाजाराचं पुढं ढकललं. भावजयीनं सांगितलं म्हणून नाही, हे इथं लिहून ठेवतो.

चार दिवसांनी मुकादम आला. टोळी जमवणारा आमचा मुकादम बरा माणूस होता, पण हिशोबाचा पक्का. तो म्हणाला, गडी गेला, कोयता मोडला, आता ह्या गाडीचं नाव मी धरीत नाही. माय जात्यापाशी बसलेली होती. तिथूनच म्हणाली, "मी अर्धी, ती अर्धी, झाला कोयता. तुझ्या टोळीत पिऊन पडनारे अर्धेच असत्यात, त्येंना पुरा धरतूस न्हवं?"

मुकादमाला हसू आलं. "काकू, तुमी मोळ्या बांधाल, ती ऊस तोडंल. गाडी कोन न्हेनार?"

"तिची गाडी तीच न्हेईल."

मुकादम माझ्याकडं वळला. म्हणाला, माझ्या टोळीच्या गाड्या एका रांगेत चालतात, एक अडली की सगळ्यांचा नंबर जातो. ही गाडी वाटेत एकदा जरी अडली तर बैल तिथल्याच बाजारात जातील आणि सासू-सुना घरी परत. कबूल असंल तर बोला. खरं सांगायचं तर मला कबूल नव्हतं. पण चार माणसांत कुणी माझ्या घरच्या गाडीबद्दल असं बोललेलं मला चालत नाही. मी म्हणलं, माझ्या घरची गाडी अडायची नाही. झालं. शब्द गेला.

तिथनं पुढं दिवाळीपर्यंत जे चाललं ते आठवलं की मला अजून एकट्याला हसू येतं. मला तिला शिकवायचं होतं, पण तिच्याशी बोलायचं नव्हतं. तिला विचारायचं होतं, पण मला विचारायचं नव्हतं. मग सगळं बैलांच्या मार्फत. शेतात खताच्या गाड्या न्यायचो. माझी गाडी पुढं, तिची मागं. मी मान न वळवता माझ्या बैलाला म्हणायचो, "कासरा इतका वढला तर बैलाचं नाक सुजंल न्हाई का? कावून वढाया लागलेत लोक?" मागून तांबड्याला सांगणं व्हायचं, "तांबड्या, हाताला घाम येतोय, कासरा निसटतो, म्हनून वढला." मी म्हणायचो, "लोकांनी हाताला माती लावावी." थोड्या वेळानं मागून, "तांबड्या, माती लावली."

ओढ्याच्या उताराला कसं बसायचं, जुपताना कोशाला कायम उजवीकडंच का घ्यायचं, बैल फुसफुसला तर कधी थांबायचं आणि कधी नाही, सगळं असंच. एकदा तिनं तांबड्याला उजवीकडं जुपलं. दोन्ही बैल एकमेकांकडं बघत उभे. मी माझ्या बैलांना म्हणलं, "आज शेजाऱ्यांच्या नवरदेवाला नवरीच्या पाटावर बसवलंय."  मागून पदराआड हसू दाबल्याचा आवाज आला, आणि जू सुटून पुन्हा बांधल्याचा. बांधावर बसलेला माझा एक जोडीदार रोज मजा बघायचा. विचारायचा, बैलांची पंचायत उठली का बे? मी म्हणायचो, तुला काय करायचंय, तुझ्याशी बैलसुद्धा बोलत नाहीत.

शेवटी शेवटी ती वडवणीच्या बाजाराला माझ्या मागं गाडी घेऊन आली आणि परत गेली. कुठं अडली नाही, कुठं वाकडी गेली नाही. गाव म्हणालं, बाई शिकली. मीही म्हणलं. माझ्या बायकोनं तिची दृष्ट काढली.

टोळी निघाली. ट्रकात बैल, भांडीकुंडी, माणसं, वर कुत्री. नदीकाठी पोचलो, कोप्या घातल्या. उसाच्या पाचटाच्या झोपड्या त्या, आत वाकून शिरायचं. माय आणि भावजयीची कोपी माझ्या कोपीला पाठ लावून. दुसऱ्या दिवशी फड सुरू झाला. भावजय कोयत्याला चपळ होतीच. माय मागं मागं मोळ्या बांधत होती. बांधता बांधता सगळ्या टोळीला शिव्या घालत होती. दुपारपर्यंत तिची गाडी भरली. माझी आधीच भरली होती. मी निघालो, माझ्या मागं ती, तिच्या मागं टोळीच्या बाकीच्या गाड्या.

फडापासून कारखान्यापर्यंत रस्ता सपाट, फक्त मधे कालव्यावर पूल. पुलाला दोन्हीकडून चढ. मी चढलो, पलीकडं उतरलो. तेवढ्यात बाजूच्या रस्त्यानं उसाचे दोन ट्रक आडवे आले आणि माझ्या गाडीच्या नि तिच्या गाडीच्या मधे घुसले. मला वळून काही दिसंना. मी पुढं जाऊन कडेला थांबलो. ट्रक गेले. मागून एकही गाडी येईना.

काय झालं ते नंतर कळलं. मधे ट्रक आल्यावर तांबडा आणि कोसा चढावर उभे राहिले ते राहिलेच. तिनं कासरा हलवला, चुचकारलं. मागं टोळीच्या गाड्यांची रांग लागली, माणसं ओरडायला लागली. शेवटी एक गडी उतरला, तिच्या हातातनं कासरा घेतला आणि शिव्या देत गाडी पुलापार केली. पण तोवर दुसऱ्या टोळ्या पुढं निघून गेलेल्या. आमच्या सगळ्यांचा नंबर हुकला. गाडीतळावर बसल्या बसल्या लोकांनी तोंडसुख घेतलं. एक जण म्हणाला, "ही गाडी न्हवंच. ही भायाच्या गाडीला बांधलेली शेपटी हाय." सगळे हसले. मी त्याला एवढंच म्हणलं की तोंड सांभाळ. दुसरं काय म्हणणार? मुकादम मोटारसायकलवर आला. तो ओरडला नाही, त्यानं जास्त लागलं. परवा इथला बाजार आहे, म्हणाला. उद्याची एक खेप बघतो. कोयत्यात म्हातारी आहे म्हणून बघतो. उद्या अडली तर परवा सकाळी बैल सोडायचे.

कोपीवर आल्यावर मी बाहेर दगडावर बसलो. आतनं भाकरीचा वास येत होता, जेवावंसं वाटत नव्हतं. पलीकडं भावजय बैलांना वाढं घालत होती. उसाचे हिरवे शेंडे कोसा मोठ्या आवडीनं खायचा. बराच वेळ ती नुसती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग बोलली, कोशालाच.

"तू माझं कवाच ऐकलं न्हाईस. खताच्या येळी न्हाई, बाजाराच्या येळी न्हाई. तू पुढल्या गाडीच्या मागं चाललास, आन् मला वाटलं मी हाकली. पुढली गाडी दिसंना झाली की तुला मालकीन न्हाई."

मी दगडावर बसल्या जागी गार झालो. एवढ्या वर्षांचा गाडीवान मी, बैल पुढच्या गाडीमागं आपोआप चालतात हे बारक्या पोरालाही माहीत असतं. पण भावजय भायाच्या पुढं जात नसते, म्हणून तिची गाडी कायम मागं, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की ती शिकतेय का नुसती मागं येतेय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मायच्याही नाही, बायकोच्याही नाही. आमच्याच लोकांना असं फसता येतं. मी काही बोललो नाही. माझ्या बैलांशीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी गाड्या भरल्या. टोळीच्या गाड्या एकेक करत निघाल्या. मी माझ्या जोखडाची खुंटी काढली, घातली, पुन्हा काढली. भावजय माझी निघायची वाट बघत उभी. बायको वरून विचारते, मोडली का? मी म्हणलं, गप बस. सगळ्या गाड्या गेल्या, धूळ बसली, आम्ही दोघंच राहिलो. तेव्हा मी माझ्या बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणलं, "आपन आज मागं."

ती जागची हलंना. तांबड्याला म्हणाली, "वडील मानूस मागं आन् आपन पुढं, लोक काय म्हनतील?"

मी म्हणलं, "लोकांपाशी त्यांचे बैल हायेत. त्यांनी ते हाकावेत."

माय तिच्या गाडीवर आधीच चढून बसली होती. ती म्हणाली, "चढ ग बाई, ऊस वाळतुया." भावजय चढली. भरल्या उसावर, माझ्यापेक्षा उंच, माझ्याकडं पाठ करून. मला कसंतरीच झालं हे खरं, पण मी बघत राहिलो. सपाट रस्त्यानं बैल चालले. पुढं गाडी दिसत नव्हती म्हणून बुजत होते, मधेच थांबत होते, पण चालले. मागनं मला उसाचे शेंडे, मायचं पांढरं डोकं आणि तिचा पदर एवढंच दिसत होतं.

पुलाचा चढ आला आणि कोसा उभा राहिला.

मागून दुसऱ्या टोळीच्या गाड्या येऊन आम्हाला भिडल्या. ओरडा सुरू झाला. एक जण माझ्या गाडीशी आला, म्हणाला, "उतर की बे, भावजयीचे बैल धर. रस्ता अडलाय."

मी म्हणलं, "तिच्या गाडीवर ती हाय."

"आन् तू काय करनार?"

"मी बसलोय."

बायकोनं मला पाठीत ढोसलं. मी हललो नाही. मी उतरून कासरा धरला असता तर गाडी पुलापार गेली असती, आणि दुसऱ्या दिवशी बैल बाजारात गेले असते. हे मला जितकं कळत होतं तितकंच तिलाही कळत होतं. मी कालव्याच्या पाण्याकडं बघत बसलो. पुढनं तिची कुजबुज ऐकू येत होती, चल, चल राजा, चल. त्या आवाजाला कोसा कान हलवायचा, बस. त्याच्या मालकाची हाक छातीतनं यायची. कुजबुजीला तो हाक समजतच नव्हता. आणि कुजबुजीपेक्षा मोठा आवाज भायाच्या देखत तिनं जन्मात काढला नव्हता.

मग कुजबुज थांबली. मी पाण्याकडंच बघत होतो, पण डोळ्याच्या कोपऱ्यातनं दिसलं. ती उसावर उभी राहिली. पदर डोक्यावरनं काढला आणि कमरेला खोचला.

"हैऽऽऽ वाघाऽऽ."

मला वाटलं भाऊ आला.  पण ती भावाची हाक नव्हती. त्याची खालून यायची, जाड. ही वरून आली, बारीक, चिरलेली, कालव्याच्या पलीकडच्या शेतातले बगळे उठले. शब्द त्याचा होता, गळा तिचा. एवढी वर्षं एका घरात राहून तिचा आवाज असा आहे हे मला माहीत नव्हतं.

कोशानं मान खाली घातली आणि चढाला भिडला. तांबड्याला काय, कोसा गेला की तो गेला. गाडी करकरली, मायनं उसाला मिठी मारली, आणि गाडी पूल चढून गेली. आणि गंमत सांगतो, माझे बैलसुद्धा निघाले. मी हाकले नव्हते. कासरा ढिला होता. तिच्या हाकेनं निघाले. मागं त्या ओरडणाऱ्या माणसाचे बैलही निघाले असतील, मी बघितलं नाही.

गाडीतळावर मुकादम उभा होता. त्यानं पुढची गाडी बघितली, मागची बघितली, आणि मोटारसायकलला लाथ मारून निघून गेला. बाजाराचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

गव्हाणीत ऊस खाली झाल्यावर मी रिकाम्या गाडीपाशी तोंड पुसत होतो. कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं. भावजय. पदर अजून कमरेलाच. तोंडावर उसाच्या पानांची बारीक कुसळं आणि धूळ, घामाचे ओघळ. इतक्या जवळनं तिचं तोंड मी पहिल्यांदा बघत होतो. सवयीनं मी खाकरलो.

ती म्हणाली, "दादा, उद्यापास्नं मी पुढंच ऱ्हाईन."

बैलांना नाही. मला.

मी म्हणलं, "ऱ्हा."

ती चार पावलं गेली, परत वळली. "आन् ते खाकरनं बंद करा. तुमी आलात ते मला बिनखाकरता बी कळतंय."

माय गाडीवरनं हसत होती. मी म्हणलं, "तुला काय झालं दात काढायला?" 

तांबडा म्हातारा होईपर्यंत ती टोळीत तीच गाडी घेऊन आली. दर सालाला पुढं ती, मागं मी. मुकादम बदलला. नव्यानं विचारलं, बाईची गाडी पुढं कशी? जुन्या माणसांनी त्याला सांगितलं, विचारू नको. मधल्या काळात माय गेली. तेव्हा भावजयीचा कोयता पुन्हा अर्धा झाला, तर एका सालाला तिनं गावातलीच दुसरी एक विधवा बाई जोडीला घेतली आणि तिच्याही हातात कासरा दिला. मी तिला विचारलं, हिला कुणी शिकवलं? म्हणाली, "मीच. पयल्या दिवसापास्नं पुढं घातली."

लेक मोठी झाली, परळीला दिली. जावई तिथल्या थर्मलला, म्हणजे कोळशावरच्या वीजकेंद्रात, कामाला आहे. लेक आईला म्हणते, आमच्याकडं राहायला ये. ती जाते. चार दिवसात परत येते. तिथं राखेनं धुणं काळं होतं म्हणते. मला माहीत आहे ते कारण नाही. तिला दावण लागते. दावणीला आता काही नाही, तरी लागते.

आता टायरगाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले. फडात ऊस तोडायचं यंत्र फिरतं म्हणतात, मी बघितलं नाही, बघायचंही नाही. गल्लीत एकाच घरी बैलजोडी उरली आहे. खांदेमळणीच्या संध्याकाळी भावजय त्यांच्या गोठ्यात जाते, तुपाची वाटी घेऊन. आवतन आता कुजबुजत देत नाही. सगळ्या गल्लीला ऐकू जातं. मी ओट्यावर तंबाखू मळत असतो. मळता मळता कधी कधी हात थांबतो. भाऊ ऐकत असता तर काय म्हणाला असता, ते मला सांगता येत नाही. हसला असता बहुतेक.

परवा बाजारातनं येताना स्टँडच्या वळणावर रिक्षांची गर्दी होती. मी कडेला उभा राहिलो. गुडघा धरून आला होता, पाय उचलंना. ती पुढं गेली होती. थांबली. मागं वळून न बघता, हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेत, तिनं हाक दिली.

"हैऽऽ, चला."

रिक्षावाला हसला. हसू द्या. मी निघालो.